काम तेच, ताण वेगळा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

नोकरीच्या ठिकाणी रोज जाणवणाऱ्या ताणाविषयी ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांकडून आम्ही पत्रे मागवली होती. आलेल्या बहुतेक पत्रांत नोकरी जाणे, बदली होणे अशा मोठ्या आघातांपेक्षा रोज होणाऱ्या लहानसहान त्रासांचाच उल्लेख अधिक आहे. हे त्रास किरकोळ समजून सोडून देण्यासारखे नाहीत. अमेरिकेतील कॅनर, लॅझरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते, की आयुष्यातील मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या कटकटींवरूनच माणसाच्या मानसिक तक्रारींचा अंदाज अधिक चांगला बांधता येतो. निवडक पत्रे येथे संक्षेपाने दिली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी ऐरोलीतील एका कंपनीच्या बॅक ऑफिसमध्ये काम करते आणि घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहते. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण तेच काम करते, तिचे टार्गेटही तेवढेच आहे आणि टीम लीडही तेच आहेत. तरीही ती संध्याकाळी निवांत घरी जाते आणि मला मात्र दुपारी चारनंतर धडधडायला लागते. निघायच्या वेळी टीम लीड ‘पाच मिनिटे बोलू या’ म्हणाले, की डोळ्यांत पाणीच यायचे बाकी राहते. मुलगा पाळणाघरात असतो आणि ते साडेसातला बंद होते. मी मनाने कमकुवत आहे का?

उत्तर : नाही. तुमच्या पत्राच्या शेवटून दुसऱ्या वाक्यातच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे, फक्त ते तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात.

रिचर्ड लॅझरस आणि सुसान फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ताणाविषयी जी मांडणी केली, ती आजही या विषयाच्या अभ्यासाचा पाया मानली जाते. त्यांच्या मते ताण केवळ प्रसंगात नसतो आणि केवळ माणसाच्या स्वभावातही नसतो. समोर आलेल्या प्रसंगाचा आपले मन जो अर्थ लावते, त्यातून तो निर्माण होतो. मन नकळत दोन गोष्टी तपासते. यात माझे काय पणाला लागले आहे, ही पहिली. आणि यावर मला काही करता येण्यासारखे आहे का, ही दुसरी. पणाला बरेच काही लागलेले आणि हातात मात्र काहीच नाही, असा हिशेब निघाला की शरीर धोक्याची सूचना मिळाल्यासारखे वागू लागते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, स्नायू आखडतात.

आता ‘पाच मिनिटे बोलू या’ हे वाक्य तुम्हा दोघींच्या बाजूने तपासून पाहा. तुमची मैत्रीण ऐरोलीतच राहत असेल किंवा तिच्या घरी मुलाला पाहणारे कोणी असेल, तर तिच्या लेखी ती खरोखरच पाच मिनिटे आहेत. तुमच्या लेखी त्या पाच मिनिटांत ट्रान्स-हार्बरची एक गाडी चुकते, ठाणे स्टेशनबाहेर बसची रांग लांबते, माजिवडा आणि कापूरबावडीला गर्दीची वेळ गाठली जाते आणि पाळणाघराच्या दारात मुलगा चपला घालून उभा असलेला डोळ्यांपुढे येतो. काम तेच आहे, पण पणाला लागलेली गोष्ट एक नाही. चार वाजता होणारी धडधड फायलींची नसून साडेसातची आहे, असा माझा अंदाज आहे. तो बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी एक आठवडाभर, धडधड सुरू झाली की वेळ, नुकतेच काय घडले आणि नेमकी कशाची भीती वाटली, एवढ्याच तीन गोष्टी लिहून ठेवा. त्या लिहिताना स्वतःला समजावू नका, दोषही देऊ नका.

यानंतर काय करायचे ते ठरवताना लॅझरस आणि फोकमन यांनीच केलेला आणखी एक भेद उपयोगी पडतो. काही उपाय मूळ अडचणीवर असतात, तर काही त्या अडचणीमुळे उसळणाऱ्या भावनेवर. जे बदलता येते तिथे पहिल्या प्रकारचा उपाय लागू पडतो आणि जे बदलता येत नाही तिथे दुसऱ्या प्रकारचा. आपल्याकडे नोकरदार माणसे नेमके याच्या उलट करतात, असे मला अनेक वर्षे दिसत आले आहे. घोडबंदरच्या वाहतुकीवर ती रोज तासभर संतापतात, जी त्यांच्या संतापाने तसूभरही हलणार नसते. आणि वरिष्ठांकडे जे एका वाक्यात मागता आले असते, ते मात्र ‘जाऊ दे, कशाला वाईटपणा’ म्हणून वर्षानुवर्षे गिळतात. तुमच्या बाबतीत टीम लीडशी बोलण्याची वेळ ही मागून घेता येण्यासारखी गोष्ट आहे. तीही निघण्याच्या घाईत किंवा रडवेल्या आवाजात नव्हे, तर सकाळी, कामाची व्यवस्था म्हणून मागावी. ‘सर, दिवसाचा आढावा आपण रोज साडेचारला घेतला तर त्यात निघालेल्या दुरुस्त्या मी त्याच दिवशी पूर्ण करून जाऊ शकेन. सहानंतर मला थांबता येत नाही,’ एवढे पुरे. मुलाचे कारण सांगितले तर अप्रेझलला आड येईल, ही भीती मी समजू शकतो. पण या विनंतीत कारण सांगण्याची गरजच पडत नाही.

दुसरे काम घराजवळचे आहे. पाळणाघराच्या ताईंना विचारून, मुलाला अर्धा तास आपल्याकडे बसवून घेईल अशा एखाद्या शेजारणीचे नाव तिथे नोंदवून ठेवा. ही सोय महिन्यातून एखाद्या वेळीच वापरली जाईल, पण ती आहे एवढ्यानेच पणाला लागलेल्या गोष्टीचा आकार बदलतो. ‘मनाला समजवा’, ‘सकारात्मक विचार करा’ असे सल्ले तुम्हाला भरपूर मिळतील. मला वाटते, परिस्थितीच थोडी बदलता येत असेल तर आधी ती बदलावी. मनाला समजावण्याचे काम त्यानंतर पुष्कळ सोपे होते. बसमध्ये अडकल्यावर मात्र काहीही करता येणार नाही हे मान्य करून श्वास सोडण्याचा वेळ श्वास घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवावा. संथपणे सोडलेल्या श्वासाने हृदयाची गती मंदावते आणि काही मिनिटांत फरक जाणवतो.

प्रश्न : मी रबाळे एमआयडीसीत शिफ्ट सुपरवायझर आहे, वय ४९. कामगार म्हणून लागलो आणि इथवर आलो. ताण वगैरे मला कधी वाटला नाही. काम करायचे आणि घरी जायचे. माणसे कमी पडली की आठवड्यातून दोनदा तरी डबल ड्युटी होते. गेल्या वर्षी रक्तदाब निघाला. डॉक्टर म्हणतात, ताण कमी करा. जो ताण मला जाणवतच नाही तो कमी कसा करायचा?

उत्तर : तुमचा प्रश्न फार नेमका आहे. ताण ‘वाटणे’ आणि ताण ‘असणे’ या दोन गोष्टी नेहमी एकत्र येतात असे नाही. ज्या पिढीला कामाबद्दल तक्रार करणे कमीपणाचे वाटत आले, तिच्यात मन गप्प राहते आणि पित्त, डोकेदुखी, तुटक झोप, वाढलेली तंबाखू यांतून शरीरच बोलते. ‘मला ताण येतो का’ असे स्वतःला विचारून तुम्हाला उत्तर मिळणार नाही. त्याऐवजी डबल ड्युटीच्या दुसऱ्या दिवशी झोप किती तास लागली, जेवण कधी झाले, घरात आवाज किती वेळा चढला, हे पाहा.

रक्तदाबाला अनेक कारणे असतात आणि तुमच्या बाबतीत कामाचा वाटा किती, हे मी सांगू शकत नाही. पण कामाच्या कोणत्या प्रकाराने हृदयावर भार येतो, याविषयी बरीच खात्रीची माहिती उपलब्ध आहे. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये दाखवले, की नुसते जास्त काम माणसाला तितके थकवत नाही, जितके जास्त काम आणि ते कसे करावे हे ठरवण्याची मुभा नसणे, ही जोडी थकवते. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांवर १९८५ मध्ये सुरू झालेल्या आणि मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या दीर्घ अभ्यासातही, ज्यांचे आपल्या कामावर नियंत्रण कमी होते त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळले. हृदयविकार हा मोठ्या साहेबांचा आजार, हा समज त्या आणि त्याआधीच्या पाहणीने मोडीत काढला. खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांनाच त्याचा धोका अधिक होता. सुपरवायझरची जागा तर दोन्ही बाजूंनी चेपली जाणारी आहे. उत्पादनाचा आकडा वरून ठरतो, माणसे किती मिळणार हेही वरूनच ठरते आणि मशीन बंद पडले तर जाब मात्र तुम्हाला विचारला जातो.

डबल ड्युटीबद्दल स्पष्टच लिहितो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. आठवड्यात दोन डबल म्हणजे तुम्ही ५५ तासांच्या बरेच पुढे गेलात. ओव्हरटाइमचे पैसे घराला लागतात हे मी जाणतो, म्हणून ‘बंद करा’ असे म्हणत नाही. पण लागोपाठच्या दोन दिवशी डबल घेऊ नका आणि रक्तदाबाचे निदान झाल्याची लेखी कल्पना व्यवस्थापनाला देऊन ठेवा. गोळ्या स्वतःच्या मनाने कमी करू नका, आणि रात्रपाळी असेल तेव्हा त्या कधी घ्याव्यात हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

नियंत्रणाची एक जागा मात्र तुमच्या हातात आहे आणि ती म्हणजे शिफ्ट बदलतानाचे रजिस्टर. अनेक कारखान्यांत त्यात ‘मशीन चालू, काम नॉर्मल’ एवढेच लिहिलेले असते आणि पुढच्या शिफ्टचा माणूस पहिला तासभर अंदाज घेत फिरतो. काय अर्धवट राहिले, कोणत्या मशीनचा आवाज बदलला आहे, कोणता माल यायचा आहे, या गोष्टी लिहिण्याचा नियम तुम्ही आपल्या शिफ्टपुरता सुरू करा आणि समोरच्या शिफ्टकडूनही तसाच आग्रह धरा. अंधारात पाऊल टाकावे लागण्याचा रोजचा ताण त्याने निश्चित कमी होतो.

प्रश्न : आमचे हे ठाण्यात एका बँकेत आहेत. घरी आल्यावर तासन् तास कोणाशी बोलत नाहीत. मी काही विचारले तर ‘काही नाही गं’ एवढेच उत्तर मिळते. आम्ही नौपाड्यात राहतो, म्हणजे प्रवासाचाही त्रास नाही. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : बहुधा नाही. रेना रेपेटी या संशोधिकेने विमानांची वाहतूक नियंत्रित करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा आणि त्यांच्या पत्नींचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या दिवशी कामाचा भार जास्त, त्या संध्याकाळी ही माणसे घरात अधिक अलिप्त राहत आणि पत्नीने समजून घेतले तर चिडचिड न होता त्या अलिप्ततेतूनच मन शांत होण्यास मदत होत असावी, असे त्यात सुचवले आहे. दिवसभर सतत सावध राहिलेल्या मनाला थोडा वेळ कोणाच्याही मागणीविना हवा असतो, आणि तो घरच्यांना नाकारण्याचा प्रकार नसतो.

एक बारकावा तुमच्या पत्रात आहे. घर जवळ असण्याचा फायदा तुम्ही मानता, पण काही माणसांना काउंटर बंद करणे आणि घराची बेल वाजवणे यांच्यामध्ये थोडे अंतर लागते. त्यांनी बँकेतून निघाल्यावर थेट घरी न येता तलावपाळीला एक फेरी मारून यावे, असे सुचवून पाहा. घरी आल्यावर पहिला अर्धा तास तुम्ही प्रश्न विचारू नयेत आणि त्या बदल्यात जेवणाच्या वेळी फोन दूर ठेवून त्यांनी बोलावे, असे दोघांनी मिळून ठरवता येईल. ‘आज काय झाले?’ यापेक्षा ‘आज कोणाशी वाजले का?’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. कारण रोजच्या त्रासांमध्ये माणसांशी झालेली खटके-भांडणेच मनाला सर्वाधिक खुपतात, असे नायल बोल्जर आणि सहकाऱ्यांच्या दैनंदिनीवर आधारित अभ्यासातही दिसले आहे. हा अबोला सुट्टीच्या दिवशीही टिकत असेल, जेवण-झोप बदलली असेल, तर मात्र या पानावरील शेवटचे उत्तर वाचावे.

प्रश्न : महापे येथे कस्टमर केअरमध्ये आहे, वय २४. ग्राहक शिव्या देतात आणि मला ‘मी आपली काय मदत करू शकतो’ म्हणत राहावे लागते. शिफ्ट संपल्यावर हसू येईनासे झाले आहे.

उत्तर : तुम्ही जे करता ते श्रमच आहेत, आणि पगाराच्या चिठ्ठीत त्यांचा वेगळा रकाना नसतो एवढेच. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातील सेविकांच्या कामाचे निरीक्षण करून हे मांडले, की पगारासाठी चेहऱ्यावर आणि आवाजात ठरावीक भावना आणत राहणे हेही एक काम आहे आणि आत एक, बाहेर एक असे सतत ठेवल्याने माणूस स्वतःच्याच भावनांपासून तुटू लागतो. तुम्हाला आलेला अनुभव तोच आहे. अर्वाच्य कॉल बंद करण्याची किंवा वरिष्ठांकडे देण्याची मुभा तुमच्या कंपनीच्या नियमांत असते का, हे लेखी विचारा. अनेकदा ती असते आणि नव्या मुलांना सांगितलेली नसते. वाईट कॉलनंतर लगेच पुढचा घेण्याऐवजी एक मिनिट हेडफोन काढून शेजारच्याशी आपल्या खऱ्या आवाजात दोन शब्द बोला.

प्रश्न : सीबीडी बेलापूर येथील एका कंपनीत मी मनुष्यबळ विभाग सांभाळते. आम्ही योगवर्ग घेतले, व्याख्यात्यांना बोलावले, ताणमुक्ती सप्ताहही केला. तरी राजीनामे थांबत नाहीत. आणखी कोणता कार्यक्रम घ्यावा?

उत्तर : आणखी कोणताही कार्यक्रम घेऊ नये. योगाभ्यासाने अनेकांना बरे वाटते आणि तो ज्यांना हवा त्यांनी जरूर करावा, परंतु रात्री दहाला आलेल्या मेसेजचे उत्तर सकाळच्या आत द्यावे लागणाऱ्या कर्मचाऱ्याला प्राणायाम शिकवणे म्हणजे त्रास देणाऱ्या व्यवस्थेला हात न लावता त्रास सोसण्याची जबाबदारी त्याच्यावर ढकलणे होय. कर्मचाऱ्यांना हे कळते, आणि त्यामुळे अशा कार्यक्रमांनी उलट दुरावा वाढू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या नव्या आवृत्तीत बर्नआउटचे वर्णन करताना तो आजार नव्हे, तर नोकरीशी निगडित स्थिती असल्याचे म्हटले आणि कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ टिकलेल्या, नीट न हाताळलेल्या ताणातून ती उद्भवते, असे नमूद केले. गळून गेल्यासारखे वाटणे, कामाविषयी परकेपणा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे, ही तिची तीन अंगे आहेत. याच संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कामाच्या रचनेतील बदल आणि व्यवस्थापकांचे प्रशिक्षण यांवर भर आहे. तुम्ही राजीनामा दिलेल्यांच्या मुलाखती पुन्हा काढून वाचा. कोणत्या एका वरिष्ठाच्या हाताखालून माणसे अधिक जातात, ते पाहा. हे बहुतेक ठिकाणी सर्वांना माहीत असते आणि बोलले जात नाही. नवे काम देताना कोणते जुने काम बाजूला ठेवायचे, हे सांगण्याची सक्ती देणाऱ्यावर करा. योहानेस सिग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये दाखवल्याप्रमाणे, घेतलेले कष्ट आणि मिळालेला मोबदला यांत मोठी तफावत असेल तर ती प्रकृतीला घातक ठरते, आणि मोबदल्यात पैशाइतकीच मान आणि नोकरीची शाश्वती यांचीही गणना होते. ज्याने काम केले त्याचे नाव बैठकीत घेणे, ही गोष्ट उद्यापासून करता येईल.

प्रश्न : कळव्याला राहतो. दोन महिने झोप नाही, कामात लक्ष नाही, जगून काय उपयोग असे विचार येतात. फॅमिली डॉक्टरांनी ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या ओपीडीत जायला सांगितले आहे. लहानपणापासून ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा ऐकत आलो. ऑफिसात कळले तर काय होईल?

उत्तर : तुम्ही जावे, आणि याच आठवड्यात जावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि कामातील रस गेलेला असणे आणि मरणाचे विचार येणे, हा आता केवळ कामाचा ताण राहिलेला नाही. त्यावर उपचार आहेत आणि त्यांनी माणसे बरी होतात. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून चालू आहे आणि बाह्यरुग्ण विभागात येणारा माणूस तपासून, औषध घेऊन घरी जातो. त्या थट्टेने आपल्या कितीतरी माणसांना वेळेवर उपचारांपासून दूर ठेवले आहे, याचे मला मनापासून दुःख होते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुमच्या आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क तुम्हाला आहे. ऑफिसला रजेचे कारण ‘वैद्यकीय तपासणी’ एवढे सांगितले तरी पुरते. जाईपर्यंतच्या रात्री कठीण वाटल्या, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती विनामूल्य आणि चोवीस तास असून मराठीत बोलता येते. मरणाचे विचार तीव्र झाले तर ओपीडीच्या दिवसाची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. घरातल्या एका माणसाला आजच सांगा आणि तपासणीला त्यालाच सोबत न्या. सध्या घेत असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा आणि तुमच्या शिफ्टची वेळ डॉक्टरांना सांगा, कारण काही औषधांनी सुरुवातीला गुंगी येते आणि ती कोणत्या वेळी घ्यायची हे त्यावरून ठरते.